मुलांना देवावर भार टाकायला कसं शिकवायचं? (प्रथम ख्रिस्तप्रसादाचा वर्ग आणि त्याच्या आगेमागे)

मोहरीचा_दाणा

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मुलं मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात त्याच्या, तयारीचा वर्ग आहे. मुलं सात ते नऊ वर्षांची, तासिका पंचेचाळीस मिनिटांची. पुस्तकात 'श्रद्धा म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत दिलंय आणि मुलं ते धडाधड म्हणून दाखवतात. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि रात्री भीती वाटली की देवाला हाक मारावीशी वाटणं वेगळं. हे दुसरं वर्गात कसं आणायचं?

तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. एक, या वयाला झेपेल असा, सामानासकट एखादा धडा. दोन, 'मी मागितलं तरी देवानं दिलं नाही' असं मूल म्हणालं तर काय सांगायचं. तीन, काय सांगू नये. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण सहज बोलून गेलेलं एक वाक्य मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहतं.

शिडाची_होडी

आधी शब्दांचं बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. मराठीत 'विश्वास' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो: देव आहे हे मानायलाही आणि देवावर भार टाकायलाही. 'कॅथोलिक चर्चची धर्मशिक्षा' या ग्रंथात (१९९२) परिच्छेद १५० मध्ये दोन्ही बाजू एकत्र येतात. श्रद्धा म्हणजे आधी माणसानं देवाला धरून राहणं, आणि त्याबरोबरच देवानं प्रकट केलेल्या सत्याला मोकळेपणानं होकार देणं. वर्गात बहुतेक वेळा होकाराचा भाग शिकवला जातो आणि धरून राहण्याचा राहून जातो.

मुलांसाठी दोन साधी क्रियापदं घ्या: मानणं आणि विसंबणं. 'मी देवाला मानतो' आणि 'मी देवावर विसंबतो'. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या. आठ वर्षांचं मूल तो बरोबर सांगतं.

आता धडा. मार्कच्या शुभवर्तमानातला (मार्क ४:३५-४१) येशूनं वादळ शमवण्याचा प्रसंग. अवघ्या सात ओव्या (वचनं), आणि या विषयाला याहून चांगला उतारा नाही.

सामान: निळं सुती कापड (साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद), वीतभर लांबीची पुठ्ठ्याची किंवा लाकडाची होडी, काही बाहुल्या, आणि होडीच्या मागच्या टोकाला ठेवायला बोटभर लांबीची एक उशी. उशी विसरू नका. येशू उशीवर डोकं ठेवून झोपला होता हे चार शुभवर्तमानकारांपैकी फक्त मार्क सांगतो, आणि मुलांच्या मनात तीच राहते.

पहिली ५ मिनिटं: सगळे जमिनीवर गोल बसतात, कापड मध्ये अंथरलेलं, होडी एका कडेला. काहीही समजावून सांगायचं नाही.

पुढची १२ मिनिटं: उतारा पवित्र शास्त्रातून जसाच्या तसा, सावकाश, दोनदा वाचायचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. दुसऱ्या वाचनाच्या वेळी होडी हलवायची. चार मुलं कापडाची चार टोकं धरतात आणि वादळाच्या ओवीवर लाटा करतात, तेही जास्तीत जास्त वीस सेकंद. त्याहून लांबवलं तर खेळ होतो, हसू फुटतं आणि वर्ग परत शांत करण्यात धडा वाया जातो. 'शांत हो' हे शब्द आले की कापड जमिनीवर टेकवायचं आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. ती शांतता हाच धड्याचा गाभा आहे, तिच्यावर बोलून ती घालवू नका.

त्यानंतर १० मिनिटं प्रश्न. प्रश्न तीनच:
– पलीकडे जाऊ या, असं कोण म्हणालं होतं?
– वादळ शमायच्या आधी येशू कुठे होता?
– शिष्यांनी त्याला उठवलं. ते बरोबर केलं की चूक?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'येशू' हे आहे आणि ते फार महत्त्वाचं आहे. शिष्य त्याच्या सांगण्यावरून निघाले होते, तरी वादळ आलं. म्हणजे संकट आलं याचा अर्थ आपण देवाचं ऐकलं नाही असा होत नाही. दुसऱ्याचं उत्तर 'होडीत'. इथे थांबा, घाईनं तिसऱ्याकडे वळू नका. तिसऱ्यावर मुलांमध्ये दोन तट पडतात, पडू द्या. मग दाखवा की मार्कमध्ये येशू आधी उठून वारा शांत करतो आणि नंतर 'तुम्ही का भ्यालात?' असं विचारतो. हाक मारल्याबद्दल तो त्यांना परत पाठवत नाही. (मत्तय ८:२६ मध्ये क्रम उलटा आहे, आधी प्रश्न आणि मग शांतता. दोन्ही एकाच तासाला आणू नका.)

मग १२ मिनिटं चित्र: होडी, आणि तिच्यात आपण स्वतः कुठे बसलोय ते. उरलेली ६ मिनिटं प्रार्थनेला. दिवा लावायचा, ज्याला हवं त्यानं आपल्या भीतीचं नाव एका शब्दात सांगायचं, नको असेल त्यानं गप्प राहायचं, आणि प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी 'येशू, तू होडीत आहेस' म्हणायचं.

धडा फसतो तो एकाच वाक्यानं: 'पाहा, प्रार्थना केली की वादळ थांबतं.' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. जे वचन देवानं दिलेलं नाही ते आपण त्याच्या नावावर देतो, आणि पुढे ते पुरं झालं नाही की मूल आपल्याला नाही, देवाला खोटं ठरवतं.

दिवेलागण

होडीचा धडा सातच्या पुढच्या मुलांसाठी उत्तम. वर्गात धाकटी भावंडं येऊन बसत असतील तर तीन ते सहा वयाला वादळापेक्षा मेंढपाळ बरा. या वयाला भीतीवर मात शिकवण्याआधी 'मला कुणीतरी ओळखतं' हे मिळायला हवं.

उत्तम मेंढपाळाच्या धर्मशिक्षणाची पद्धत १९५४ पासून रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी उभी केली. कावाल्लेत्ती पवित्र शास्त्राच्या अभ्यासक होत्या, गोब्बी माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका. त्यातला योहान १० चा धडा घरीही करता येतो. गोल कुंपण, त्याला उघडझाप होणारं फाटक, दहा मेंढ्या आणि एक मेंढपाळ. दाखल्यासाठी आकृत्या सपाट ठेवतात, जाड पुठ्ठ्यावर रंगवून कापलेल्या आणि तळाशी पट्टी लावून उभ्या केलेल्या. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांसाठी, म्हणजे जन्म किंवा शेवटचं भोजन, मात्र पूर्ण बाहुल्या. मोठी माणसं हा फरक विसरतात, पण दाखला आणि इतिहास वेगळे असतात हे मुलाला हातानंच कळतं.

मेंढपाळ एकेका मेंढीला नावानं हाक मारतो, पुढे चालतो, मेंढ्या मागून येतात. मेंढी हलवताना हात सावकाश चालू द्या. लांडगा आणि पगारी गडी पहिल्याच दिवशी आणू नका, तो भाग पुढच्या वेळी.

आणि सगळ्यात कठीण नियम: 'ती मेंढी म्हणजे तू' हे सांगायचं नाही. 'या मेंढ्या कोण असतील बरं?' एवढं विचारून सोडून द्यायचं. काही मुलांना उत्तर सापडायला महिने लागतात. स्वतः सापडलेलं उत्तर त्यांचं असतं, आपण दिलेलं उत्तर आपलंच राहतं.

पहाटवारा

वरचं सगळं पटलं. पण मोहरीचा_दाणा यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. 'मागा म्हणजे तुम्हाला दिलं जाईल' हे तर येशूचेच शब्द आहेत. वर्गात एखादं मूल उठून म्हणालं, 'मी आजीसाठी रोज प्रार्थना केली, तरी ती गेली,' तर?

सात_टोपल्या

या प्रश्नाला वर्गात एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला की आपण हमखास चुकीचं बोलतो. म्हणून आधी काय बोलू नये ते.

'देवाला आजी हवी होती म्हणून त्यानं तिला नेलं.' यातून मूल एवढंच शिकतं की देवाला जे आवडतं ते तो घेऊन जातो. मग आईवर फार प्रेम करायचीही भीती वाटू लागते.

'तुझी श्रद्धा थोडी कमी पडली.' हे तर क्रूर आहे. मार्क ९:२४ मधला बाप म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवायला मला मदत करा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या श्रद्धेवर येशू त्याच्या मुलाला बरं करतो. किती श्रद्धा झाली म्हणजे पुरे, असं माप शुभवर्तमानात कुठेही नाही.

'रडू नकोस, ती स्वर्गात आहे.' मेलेल्या लाजरसला थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही येशू रडला (योहान ११:३५). मग मुलाला रडू का द्यायचं नाही?

मग सांगायचं काय? आधी: 'तू प्रार्थना केलीस ते देवानं ऐकलं. ती बरी का झाली नाही हे मला माहीत नाही.' शिक्षकानं 'मला माहीत नाही' म्हटलं तर मुलाची श्रद्धा ढळत नाही, खोटं कारण दिलं तर ढळते. मग: 'येशूनंही बापाकडे मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. पण बापानं त्याला सोडलंही नाही, आणि तिसऱ्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक आहे.' (मार्क १४:३६.) त्यानंतर त्याच्या हातात करण्यासारखं काहीतरी द्या. आजीसाठी 'शाश्वत विसावा' ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायची, मिस्सात तिचं नाव मनात घ्यायचं. आपण मृतांसाठी प्रार्थना करतो ही कॅथोलिक मुलाच्या हातातली मोठी गोष्ट आहे, कारण त्यामुळे आजीशी नातं तुटत नाही.

'मागा म्हणजे दिलं जाईल' शिकवायचं असेल तर लूकमधला उतारा तेराव्या ओवीपर्यंत वाचा (लूक ११:९-१३). मासा मागितला तर कोणता बाप साप देईल, असं विचारून येशू पुढे सांगतो की मागणाऱ्यांना स्वर्गीय पिता पवित्र आत्मा देईल. शेवटी देणगी कोणती, हे तिथे स्पष्ट आहे. अर्ध्यावर वाचन थांबवलं की देव म्हणजे मागेल ते पुरवणारा असं चित्र तयार होतं.

आता एक कृती, कारण मोठं दुःख असलेल्या मुलाला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. स्तोत्र १३ घ्या, ओव्या सहाच. सुरुवातीच्या दोन ओव्यांत 'किती वेळ, परमेश्वरा?' हाच सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोन ओव्यांत मागणं आणि शेवटच्या दोनमध्ये भरवसा. कागदावर तीन ओळी छापून द्या:

देवा, मला हे सहन होत नाही की…
देवा, तू हे कर…
तरीही मला आठवतं की तू…

तिसरी ओळ कोरी राहिली तर राहू द्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कागद गोळा करू नका, वाचून दाखवायला लावू नका. देवाकडे तक्रार करणारं मूल देवाशीच बोलत असतं. त्यानं बोलणं थांबवलं तर मात्र आपण काळजी करायची.

मोहरीचा_दाणा

'मला माहीत नाही' हे उत्तर म्हणून चालतं, याचाच फार आधार वाटला. आता खेळांविषयी विचारते. डोळे मिटून मागे पडायचं आणि सवंगड्यांनी झेलायचं, हा खेळ भरवशाच्या धड्यात घ्यावा का? आणि 'खुर्ची मोडणार नाही असा विश्वास ठेवून आपण बसतो ना' हा दाखला?

शिडाची_होडी

पडण्या-झेलण्याचा खेळ घेऊ नका. सात-आठ वर्षांची मुलं एकमेकांना नीट झेलू शकत नाहीत. एकदा निसटलं की लागतंच, शिवाय धड्याचा अर्थ नेमका उलटा होतो: विसंबलो आणि आपटलो. ज्या मुलाला पडायचं नसतं त्याच्यावर सगळ्यांसमोर 'विश्वास नसलेला' असा शिक्का बसतो तो वेगळाच.

खुर्चीचा दाखला थोडाफार चालतो, पण अपुरा आहे. खुर्चीला आपण आवडत नाही. देवावर विसंबणं हे वस्तूच्या मजबुतीवर विसंबण्यासारखं नाही, ते माणसामाणसांतल्या नात्यासारखं आहे. त्यापेक्षा पाण्यावर चालणारा पेत्र घ्या (मत्तय १४:२८-३१). तो बुडायला लागतो आणि त्याची प्रार्थना इतकी छोटी की श्वासात मावेल: 'प्रभो, मला वाचवा.' येशू लगेच हात पुढे करून त्याला धरतो आणि मग 'अल्पविश्वासी' म्हणतो. धरलेल्या हातानं रागावणं वेगळं असतं, हे मुलांना समजतं. वर्गात दोघांनी मनगट धरून दाखवायचं. पंजा धरला तर घामानं सुटतो, मनगटाला मनगट धरलं तर पेत्रानं सोडलं तरी येशूचं धरणं राहतं. एका मिनिटात होणारी ही कृती व्याख्येपेक्षा जास्त सांगते.

दिवेलागण

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र ठळकपणे मांडते, कारण या विषयात तो टाळला तर खरंच इजा होते. 'देवावर विसंब' शिकवताना 'मोठ्यांचं सगळं ऐक' हे त्यात कधीही मिसळू नका. फादर, सिस्टर, धर्मशिक्षक, आईवडील यांतलं कुणीही देव नाही. मुलांना स्पष्ट सांगा: एखाद्या मोठ्या माणसानं तुला नकोसा स्पर्श केला किंवा 'हे गुपित ठेव, देवाला असंच आवडतं' म्हटलं, तर ते देवाचं म्हणणं नाही. ताबडतोब दुसऱ्या मोठ्या माणसाला सांग, आणि त्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याला. पालकांना आधी कल्पना देऊन हे शब्द वर्गातच बोला, चिठ्ठीतून पाठवू नका.

तसंच बक्षिसं. रोज प्रार्थना केली की तारा, पाच तारे झाले की भेटवस्तू. पाठांतराला हे ठीक, पण प्रार्थनेला नको. तारे थांबले की प्रार्थना थांबते, आणि ज्याच्या घरी कुणी आठवण करून देत नाही ते मूल विनाकारण मागे पडतं.

पहाटवारा

आणखी एक नेहमीचा प्रश्न. 'देव सांभाळतो ना, मग अभ्यास कशाला? औषध कशाला?'

सात_टोपल्या

दोन उतारे पुरतात. पहिला मत्तय ४:५-७. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन सांगतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. असं म्हणताना तो स्तोत्र ९१ मधलेच शब्द वापरतो. येशू नकार देतो: देवाची परीक्षा पाहायची नाही. म्हणजे देवावर विसंबणं वेगळं आणि देवाला कामाला लावणं वेगळं. अभ्यास न करता चांगले गुण मागणं ही मंदिरावरून मारलेली लहानशी उडीच आहे.

दुसरा, सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय. आजारपणात देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानंच निर्माण केलंय. हा ग्रंथ कॅथोलिक पवित्र शास्त्रात आहे, प्रोटेस्टंट आवृत्त्यांत बहुधा नसतो. त्यामुळे मुलांच्या हातात कोणती प्रत आहे ते आधी पाहून घ्या, नाहीतर अर्धा वर्ग पानं चाळत बसतो.

शिवाय मारियेचा नवरा संत योसेफ. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. स्वप्नात सांगितलं गेलं की तो उठतो आणि करतो. बाळ येशूला आणि मारियेला घेऊन रात्रीच इजिप्तला निघतो (मत्तय २:१४). त्याच्या विसंबण्याला हातपाय आहेत. 'देवानं योसेफाला काय सांगितलं' आणि 'योसेफानं काय केलं' असे दोन स्तंभ करून मुलांकडून भरून घ्या.

वाट_पाहणारी

दहा ते तेरा वयोगटासाठीही काही सांगा. त्यांना कापड-होडी बालिश वाटते, आणि प्रश्न धारदार असतात.

शिडाची_होडी

या वयाला प्रश्न विचारण्याची मुभा हाच पहिला धडा. लूकच्या पहिल्या अध्यायात, बाळ होणार असं देवदूत सांगतो तेव्हाचे, दोन प्रश्न शेजारी आहेत. जखऱ्या विचारतो, हे मला कशावरून समजावं? (१:१८.) मारिया विचारते, हे कसं होईल? (१:३४.) जखऱ्या मुका होतो, मारियेला उत्तर मिळतं. का, यावर अर्धा तास सहज जातो. एक पुरावा मागतो, दुसरी वाट विचारते, हे मुलं स्वतः शोधून काढतात.

अब्राहामासाठी दोरी वापरा. देवानं बोलावलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता (उत्पत्ती १२:४), वचन दिलेला मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १०० (२१:५). मध्ये २५ वर्षं. साधारण सहा-सात मीटर सुताच्या दोरीला एकेक वितीवर गाठ याप्रमाणे २५ गाठी मारायला त्यांनाच सांगा आणि मग डोळे मिटून एकेक गाठ बोटांनी ओलांडायला लावा. नवव्या-दहाव्या गाठीला चुळबुळ सुरू होते. तेव्हा सांगा की म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहाम या वाटेत हसलासुद्धा (१७:१७), त्याची बायको सारासुद्धा हसली (१८:१२). वाट पाहताना डगमगणं म्हणजे श्रद्धा संपणं नव्हे.

इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग (उत्पत्ती २२) मात्र दहाच्या आत नको. लहान मूल अब्राहामाच्या जागी नाही, इसहाकाच्या जागी उभं राहतं. त्याला एवढंच ऐकू येतं की देवानं सांगितलं तर बाबा मला मारतील. मोठ्यांना सांगतानाही बाराव्या ओवीपर्यंत एका दमात जा, हात थांबवला जातो तिथपर्यंत. मध्येच घंटा झाली आणि उरलेलं पुढच्या आठवड्यावर गेलं, असं होऊ देऊ नका.

संतांमध्ये लिझ्यूची तेरेजा. जन्म १८७३, मृत्यू १८९७, वय अवघं चोवीस. देवावर बालकासारखा भरवसा ठेवण्याच्या तिच्या 'लहान वाटे'बद्दल सगळे सांगतात, पण १८९६ च्या ईस्टरपासून मृत्यूपर्यंत, जवळपास दीड वर्ष, ती श्रद्धेच्या गडद अंधारात होती हे सांगायचं राहून जातं. स्वर्ग आहे की नाही, असं तिला वाटत असे. तरी ती प्रार्थना करत राहिली. १९९७ मध्ये चर्चनं तिला धर्मपंडित म्हणून गौरवलं. ज्या तेरा वर्षांच्या मुलाला 'मला काहीच वाटत नाही' अशी खंत आहे, त्याला चित्रांतल्या, फुलं घेतलेल्या तेरेजेपेक्षा या तेरेजेची गरज आहे. भावना नसणं म्हणजे श्रद्धा नसणं नव्हे, हे त्याला एखाद्या संताकडून कळावं.

दिवेलागण

घरच्यांसाठी थोडं, कारण आठवड्यातली पंचेचाळीस मिनिटं एकटी काही करू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यातही (नियम ७७४) मुलांना श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी इतर सगळ्यांच्या आधी आईवडिलांवर आहे. पण पालकांना लांबलचक पत्रक पाठवू नका, कुणी वाचत नाही. एकच गोष्ट मागा: झोपताना तीन मिनिटं. पहिलं मिनिट, आज काय चांगलं झालं. दुसरं, आज कशाची भीती वाटली किंवा काय चुकलं. तिसऱ्यात मुलाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूसाची खूण आणि 'येशू, तुझ्यावर माझा भरवसा आहे.' पालक मिस्साला येत नसले तरी एवढं करतात. 'काय चुकलं' याची चौकशी होऊ देऊ नका. मूल सांगेल तेवढं ऐकायचं, शिक्षा त्या वेळी नाही.

आणि एकदा मुलांना रिकाम्या चर्चमध्ये न्या, सहा-सहाच्या गटानं. पवित्र भाकर ठेवलेल्या पवित्र पेटीजवळचा अखंड जळणारा दिवा दाखवा. चर्चच्या नियमानुसारच तो तिथे असतो, ख्रिस्त तिथे हजर आहे याची खूण म्हणून. उजवा गुडघा जमिनीला टेकवून नमन कसं करायचं ते दाखवा, मग पाच मिनिटं पूर्ण शांतता. घड्याळ शिक्षकाच्या हातात असू द्या, मुलांच्या नको. पहिल्या दोन मिनिटांत खोकला, कुजबुज होतेच. चिडू नका. तिसऱ्या मिनिटाला शांतता उतरते.

मोहरीचा_दाणा

आता असा क्रम ठरवते: मानणं-विसंबणं, होडी, पेत्राचं मनगट, योसेफ, स्तोत्र १३, चर्चभेट. शेवटी पहिल्या पापनिवेदनाची, म्हणजे फादरांजवळ आपली पापं सांगून क्षमा मागण्याची, तयारी. त्या तासाला मुलं फार घाबरतात. 'फादर आईला सांगतील का', 'विसरलो तर', 'ओरडतील का'. देवावर विसंबणं इथेच कसोटीला लागतं असं वाटतं.

सात_टोपल्या

क्रम चांगला आहे, फक्त स्तोत्र १३ आणि पापनिवेदनाची तयारी लागोपाठ ठेवू नका. मधे चर्चभेट आहे ती तिथेच राहू द्या. नाहीतर मुलं दुःख आणि पाप यांची गल्लत करतात आणि 'माझ्या पापामुळे आजी गेली' इथपर्यंत पोचतात.

भीतीसाठी आधी माहिती द्या. तिन्ही प्रश्नांना नेमकी उत्तरं आहेत. फादर कुणालाही, कधीही, काहीही सांगू शकत नाहीत. पापनिवेदनाचं गुपित चर्चच्या कायद्यानं अभेद्य आहे (नियम ९८३), ते आईसाठीही मोडत नाही. खरोखर विसरलेलं पापही इतरांबरोबर क्षमा होतं. गंभीर काही नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. ओरडण्याबद्दल फादरांशीच आधी बोला. वर्गात येऊन त्यांनी मुलांशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, पापनिवेदन ऐकताना गळ्यात घालायची आपली जांभळी पट्टी मुलांना हातात घेऊन बघू दिली, की निम्मी भीती जाते.

मग उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५:११-३२) आणि त्यात एकच जागा जवळून बघायची, विसावी ओवी. मुलगा अजून दूर आहे तोच बाप धावत सुटतो. मुलानं वाटेत पाठ केलेलं भाषण बाप पूर्ण होऊच देत नाही. 'तुमच्या एका मोलकऱ्यासारखं मला ठेवा' हे वाक्य त्यानं ठरवलं होतं (ओवी १९), प्रत्यक्षात ते म्हटलंच जात नाही (ओवी २१). दोन्ही ओव्या मुलांना शेजारी ठेवून वाचू द्या आणि काय गळलं ते शोधू द्या. ते सापडलं की वर्गात एक वेगळाच आवाज होतो.

सराव करताना खरी पापं कधीही वापरायची नाहीत. 'बहिणीचा डबा लपवला' असं बनवलेलं उदाहरण शिक्षकानं म्हणून दाखवायचं: क्रूसाची खूण, किती दिवसांनी आलो, काय चुकलं, पश्चात्तापाची प्रार्थना, फादर सांगतील ते प्रायश्चित्त. पश्चात्तापाची प्रार्थना मोठ्या अक्षरात छापून पापनिवेदनाच्या जागी आतल्या बाजूला टांगून ठेवा, म्हणजे विसरण्याची धास्ती उरत नाही. ज्यांना आपली पापं कागदावर लिहून न्यायची आहेत त्यांना नेऊ द्या, पण तो कागद आईनं, शिक्षकानं, कुणीही वाचायचा नाही, तपासायचा नाही, दप्तरात राहू द्यायचा नाही. बाहेर आल्यावर मुलाच्याच हातानं बारीक तुकडे करून फाडायला लावा, आणि दाराजवळ एक रिकामी टोपली ठेवा.